एसीचा षड्ज

रोल्ला, शारजा
शुक्रवार, १४ एप्रिल २०००

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. मी रागावलेली आहे, म्हणून नमस्कार आधीच उरकून घेते. नंतर राहून जाईल.

दगडूमामा, आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि हे पत्र शेजारधर्म म्हणून तुम्हीच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी तुम्हाला विनंती. मिरज स्टेशनात तीस वर्षं घोषणा करून तुम्ही निवृत्त झालात, पण तुमचा आवाज अजून नोकरीतच आहे. तुमच्या घरच्या सत्यनारायणाची कथासुद्धा तुम्ही गाडी उशिराने धावत असल्यासारखी वाचायचात. हे पत्र रागाचं आहे. जिथे राग दिसेल तिथे कृपा करून आवाज चढवा, आणि एकही वाक्य गाळू नका.

आक्का, गेल्या शुक्रवारी मी अकरा वर्षांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही मामांच्या घरी येऊन फोन कानाला लावलात. मी पाल्हाळ लावलं नाही. म्हटलं, “आक्का, मी सुनेत्रा. इथे गाणं शिकवायची इच्छा आहे. तुमच्या आज्ञेशिवाय शिकवणार नाही. आज्ञा द्या.” तुम्ही म्हणालात, “गा.”

मी सा लावला. तुमच्याकडे बारा वर्षं रोज जसा लावला, तसाच लावला. मग यमनची थोडी आलापी केली. आणि तुम्ही काय म्हणालात? “सुनेत्रा, तुझा सा टिकत नाही. लावतेस आणि सोडून देतेस. दुसऱ्यांना शिकवणार काय, कपाळ?” एवढं बोलून फोन मामांच्या हातात दिलात. अकरा वर्षांचा हिशोब अर्ध्या मिनिटात मिटवलात.

मी सोडला नव्हता, आक्का. माझा श्वास पुरला होता. मी सा धरून होते आणि तुम्ही म्हणता, टिकत नाही. तुमचा माझ्यावर राग आहे, तो असायलाच हवा. पण रागापायी सूर खोटा ठरवणाऱ्या तुम्ही नव्हतात. मला आज्ञा हवी आहे आणि ती मी मिळवणार आहे. तुमच्याच तालमीतली हट्टी मुलगी आहे मी.

सुनेत्रा

*

रोल्ला, शारजा
शुक्रवार, २८ एप्रिल २०००

ती. आक्का,

नमस्कार. आज राग नाही, आनंद आहे. मामा, आज गाडी वेळेवर आली आहे असं समजून वाचा.

माझा नवरा सदानंद खोर फक्कानच्या बंदरात काम करतो. जहाजांशी बोलायची रेडिओयंत्रं आणि बंदराचे टेलिफोन त्याच्या ताब्यात असतात. आठवडाभर तिकडे राहतो, गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. तुमच्या फोनची हकीकत ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारला, “फोन कुठून केला होतास?”

“त्या कॉम्प्युटरवाल्या दुकानातून. घरून केला तर मिनिटाला तीन दिरहम पडतात, म्हणजे छत्तीस रुपये. तिथे स्वस्तात होतो.”

“इंटरनेटवरून? मग खलास! अगं, ती लाइन बोलण्यासाठी बनवलेली असते. बोलणं म्हणजे सतत बदलणारा आवाज. जो आवाज बदलतच नाही, तो पंख्याचा किंवा इंजिनचा असणार असं ते सॉफ्टवेअर धरून चालतं. तू सा लावलास, दोन सेकंद त्याने ऐकला आणि मग ठरवलं, हा नॉइज आहे. कट.”

“म्हणजे सा जितका स्थिर, तितका लवकर कापला जाणार?”

“एक्झॅक्टली. बेसूर गायली असतीस तर पास झाली असतीस.”

माझा विश्वास बसेना. आम्ही दुकानात गेलो, तिथून आमच्याच घरचा नंबर लावला आणि आमची आभा पलीकडून ऐकत बसली. आभा नऊ वर्षांची आहे. इथे वाढलेली, त्यामुळे मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. मी सा धरला. आभा म्हणाली, “मम्मी, यू आर गॉन आफ्टर टू सेकंड्स.” सरगम म्हटली तर, “नाउ यू आर बॅक.” मी भर दुकानात टाळी वाजवली. दुकानदाराला वाटलं, भारताने मॅच जिंकली.

येताना गाडीत सदानंदने आणखी एक सांगितलं. जहाजाकडे जाणारी रेडिओची लहर मुळात एकसारखी, सरळ असते. नुसत्या लहरीत निरोप नसतो. बोलणाऱ्याचा आवाज तिला हलवतो, कमीजास्त करतो, आणि ते हलणंच पलीकडे निरोप म्हणून पोचतं. ह्याला ते लोक मॉड्युलेशन म्हणतात. “पण मूळ लहर स्थिर पाहिजे,” तो म्हणाला. “तीच हलायला लागली तर पलीकडच्याला कळणार कसं, लहर कुठली आणि निरोप कुठला?” मी म्हटलं, हे आक्का मला वीस-बावीस वर्षांपूर्वी सांगत होत्या, तेही इंजिनिअरिंगची पदवी न घेता.

गंमत म्हणजे हाच शब्द त्याच आठवड्यात आभाच्या शाळेतून घरी आला. वक्तृत्वस्पर्धेच्या गुणपत्रिकेत लिहिलं होतं, व्हॉइस मॉड्युलेशन, दहापैकी चार. पोरीने पाण्याच्या बचतीवरचं अख्खं भाषण एका सुरात म्हटलं होतं. आईचा सा टिकत नाही आणि लेकीचा सुटत नाही. मुलींना हे सांगितलं तेव्हा त्याही खूप हसल्या. मुली म्हणजे आभाच्या मैत्रिणी.

तर आक्का, दोष लाइनचा होता. आता मी नीट कॅसेट करून पाठवते. सदानंद ती बंदरातल्या वर्कशॉपमध्ये नेऊन सूर मोजायच्या मशीनवर लावणार आहे आणि माझा सा किती सरळ आहे ते कागदावर काढून देणार आहे. तो कागदही जोडीन. मग मला आज्ञा नाकारायला तुमच्याकडे कारण राहणार नाही.

सुनेत्रा

*

रोल्ला, शारजा
शुक्रवार, १९ मे २०००

ती. आक्का,

नमस्कार. कॅसेट अजून पोचली नसेल. इथल्या पोस्टात हल्ली फार उशीर होतो.

खोटं लिहिलं. इथलं पोस्ट उत्तम चालतं. कॅसेट मी पाठवलेलीच नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी नवा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, खिडक्या लावल्या, आवाज नको म्हणून एसी बंद केला आणि पंधरा मिनिटं गायले. सदानंद कॅसेट घेऊन खोर फक्कानला गेला. पुढच्या गुरुवारी तो भरपूर सुरमई घेऊन परत आला आणि म्हणाला, मशीन रिकामं नव्हतं. सदानंद खोटं बोलायचं ठरवतो तेव्हा मासळी आणतो. लग्नाला अकरा वर्षं होत आली, एवढं मला कळतं.

शनिवारी त्याचा शर्ट धुवायला काढला तर खिशात आलेखाचा कागद. दर पाच सेकंदांनी एक ठिपका, आणि ठिपके जोडलेली रेघ. सुरुवातीला रेघ काळी चारवर, म्हणजे माझ्या पट्टीवर, अगदी सरळ जाते. पाऊण मिनिटानंतर उतरायला लागते. झपकन नाही, आपण टेकडी उतरतोय हे चालणाऱ्याला कळू नये इतकी हळू. दोन मिनिटांत सा चांगला पाव स्वर खाली आलेला. पुढे पुन्हा वर, पुन्हा खाली.

मी त्याला फोन केला. “मला सांगणार होतास का?”

“सांगणार होतो.”

“कधी?”

“तू विचारल्यावर.”

दोन दिवस मी मशीनला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जमिनीवर बसले होते आणि डोक्यावरच्या खिडकीतला एसी सुरू झाला. मी नकळत गुणगुणायला लागले, थेट त्याच्याच सुरात.

आक्का, मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही, ते आता सांगते. तंबोरा तर मी मिरजेलाच ठेवून आले होते. इथे आल्यावर घेतलेला इलेक्ट्रॉनिक पेटीचा तंबोरा वर्षात बिघडला. भिंती पातळ, शेजारी रात्रपाळीचे, दिवसा झोपणारे. गायला लागले की भिंतीवर ठकठक. मी हळू गायला लागले, मग त्याहून हळू. दुसरा तंबोरा घेतलाच नाही, कारण एसीचा घोष जवळजवळ काळी चारलाच लागत होता. मला वाटलं, चला, देवाने फुकटचा तंबोरा भिंतीत बसवून दिला. नऊ वर्षं मी त्याच्याकडून सा घेतला. पण कॉम्प्रेसर चालू झाला की घोष किंचित उतरतो, बंद झाला की चढतो. तो उतरला की मी उतरत होते, चढला की चढत होते. आणि दोन्ही बरोबरच हलत असल्यामुळे मला कधी काही वावगं ऐकूच आलं नाही. आता एसी बंद असला तरी गळा सवयीने उतरतो.

आभा शाळेत कीबोर्ड शिकते. कागद बघून ती म्हणाली, “टेक्निकली, मम्मी, यू आर मॉड्युलेटिंग.” त्यांच्या संगीतात गाणं चालू असताना एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाण्यालाही तोच शब्द आहे म्हणे, आणि ती मोठी करामत समजतात. त्यांची करामत ठरवून असते, विचार करून असते. माझी एका थंड हवेच्या यंत्राच्या हुकमाने चालली होती.

तुम्ही म्हणालात, सा टिकत नाही. टिकत नाहीच. तुम्हाला ऐकू आला तो दोष लाइनचा होता आणि माझा दोष तुम्हाला ऐकूच आला नव्हता, तरी तुमचंच खरं निघालं. यावर हसू नका. मामा, त्या हसल्या का ते मला कळवा.

सुनेत्रा

*

रोल्ला, शारजा
शुक्रवार, २ जून २०००

ती. आक्का,

आज शुक्रवार असूनही माझ्या घरात शांतता आहे. का, ते लिहिते. मामा, हे पत्र कसंही वाचा. सपाट वाचलंत तर बरंच होईल.

मागे मी ‘मुली’ लिहिलं आणि सारवासारव केली. त्या आभाच्या मैत्रिणी नव्हेत. त्या माझ्या शिष्या आहेत. आठ जणी. दोन वर्षं दर शुक्रवारी सकाळी त्या माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून शिकत होत्या. त्यांच्या आयांना मी सांगितलं होतं की माझ्या गुरूंची आज्ञा आहे. इकडे तुम्हाला फोनवर म्हणाले, तुमच्या आज्ञेशिवाय शिकवणार नाही. म्हणजे मी तुमच्याकडे आज्ञा मागत नव्हते, चोरलेल्या मालाची पावती मागत होते.

हे असंच चाललं असतं. आज्ञेची ही चाल मला मनातून जुनाट वाटायची. वाटायचं, गुरूंना आपला मान हवा असतो, दुसरं काय?

पण कागद पाहिल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जाईना. आठ जणींत कुबरा नावाची मुलगी आहे, बारा वर्षांची, श्रीवर्धनची. तिचे वडील इथे क्रेन चालवतात, आई खैरुन्निसा शिवणकाम करते. कुबराचा आवाज ऐकला असतात तर तुम्ही हातातली कामं टाकून बसला असतात. मी तिला घरी बोलावलं, एसी बंद केला, तंबोरा लावला आणि दोन मिनिटं नुसता सा धरायला लावला. कॅसेट सदानंदकडे दिली आणि बजावलं की मासळी आणायची नाही.

काल त्याने कागद आणला. आम्ही माझा कागद आणि तिचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. पाऊण मिनिट सरळ, मग तोच उतार. माझ्या रेघेवर तिची रेघ.

आक्का, त्या पोरीच्या घरात एसीच नाही. पंखा आहे. तिला ही खोड एसीने लावलेली नाही, मी लावली. माझी चूक माझ्या गळ्यात राहिली असती तर मी ती गिळून टाकली असती. मी ती देवाने दिलेल्या एका कोऱ्या गळ्यात उतरवली, आणि तिने ती किती विश्वासाने घेतली! आज्ञा कशासाठी असते ते मला चोवीस ठिपक्यांच्या त्या कागदावर समजलं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आज सकाळी आठही आया आल्या. मी उभी राहून सांगितलं की मला आज्ञा नव्हती, मी खोटं बोलले, माझा सूर बिघडलेला आहे आणि तो तुमच्या मुलींना लागला आहे. क्लास बंद. आधी मी दुरुस्त होईन, मग गुरूंसमोर जाईन, त्या हो म्हणाल्या तरच पुन्हा सुरू करीन. दोघी उठून गेल्या. एकीने मला बरंच सुनावलं, ते योग्यच होतं. खैरुन्निसा तेवढी बसून राहिली. म्हणाली, “बाई, माज्या शिलाईत उसवलं तर मीच उसवते नि मीच परत शिवते. तुम्ही यल्ला, कामाला लागा. माजी पोर कुटं पळून जात नाय.”

मी कामाला लागते आहे.

सुनेत्रा

*

रोल्ला, शारजा
शुक्रवार, १८ ऑगस्ट २०००

ती. आक्का,

नमस्कार. तुमचं उत्तर नाही. मामांचं कार्ड तेवढं आलं: ‘दोन जूनचे पत्र वाचून दाखविले. आक्का उठून आत गेल्या. जेवल्या नाहीत. कळावे.’ मामा, तुमचं लिहिणंही घोषणेसारखंच आहे, पण कळलं.

मी तुमच्या उत्तरासाठी थांबलेली नाही. रोज सकाळी साडेपाच ते साडेसात, एसी बंद, पंखा बंद, तंबोरा चालू. शारजाचा ऑगस्ट म्हणजे काय हे मिरजेत बसून कळायचं नाही. साडेपाचला इथे काच बाहेरून घामेजते. आत मी. मांडीखाली टॉवेल, मानेवर ओला पंचा. आभा बेडरूमचं दार लावून तिथल्या थंडाव्यात झोपते. उठली की दार किलकिलं करून म्हणते, “मम्मी, धिस इज नॉट हेल्दी.” शेजाऱ्यांकडे मी स्वतः गेले आणि वेळ सांगून आले. एक जण म्हणाला, “हम तो ड्यूटी पे होते हैं उस टाइम, मॅडम, आप आराम से गाओ.” नऊ वर्षांपूर्वी एकदा विचारलं असतं तर?

ठरवलं आहे की फक्त सा. यमन नाही, बंदिश नाही, तान तर नाहीच. पहिल्या आठवड्यात पाऊण मिनिट झालं की गळा आपोआप जिना उतरायचा. कळायचं, तरी थांबवता यायचं नाही. एका सकाळी मी रडले आणि रडताना लक्षात आलं की हुंदका मात्र बरोबर काळी चारला लागला. मग हसू आलं. दर गुरुवारी सदानंद नवा कागद आणतो. मी ते कागद फ्रिजवर ओळीने लावते. आता रेघ दोन मिनिटं सरळ जाते.

दोन मिनिटांनी माझं भागणार नाही. मला तुमच्याएवढा हवा आहे. तुम्ही मला उत्तर द्या अथवा देऊ नका, रोज साडेपाचला मी बसणारच आहे.

सुनेत्रा

*

रोल्ला, शारजा
शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०००

ती. आक्का,

तुमचं पत्र आलं. अक्षर मामांचं, पण प्रत्येक ओळीत तुम्ही बोलताना ऐकू आलात. चार वेळा वाचलं. सदानंदला वाचून दाखवताना मध्येच मी कागद त्याच्याकडे दिला, पुढचं त्याने वाचलं.

तुम्ही लिहिलंत, “फोनवर तुझा सा तुटला तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, गेली आणि गमावून बसली, बरी खोड मोडली. तीन दिवस मी खुशीत होते. मग तुझी पत्रं येत गेली. तू आपले दोष एकेक करून समोर ठेवत गेलीस आणि मी आपली ती खुशी लपवून बसले होते. मला माझी लाज वाटली. तुला आज्ञा दिली आहे. शिकव.”

ज्या शब्दासाठी मी सहा महिने जिवाचं रान केलं, तो शब्द समोर होता. मी तो कागद कपाळाला लावला. आणि आक्का, मी तो परत पाठवते आहे. ह्याच पाकिटात आहे.

रागावू नका. आधी ऐका. तुम्हाला माझा राग आला तो काही उगाच नव्हता. एकोणनव्वदच्या दसऱ्याला तुम्ही माझी पहिली बैठक ठरवली होती. तबलजी ठरला होता, आमंत्रणं गेली होती. सदानंदची नोकरी पक्की झाली, लग्न घाईने ठरलं, आणि आठ दिवस आधी मी तंबोरा तुमच्या खोलीत भिंतीला टेकवून, खाली चिठ्ठी सरकवून निघून गेले. तुम्ही घरात होतात. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. दहा पावलं आत येऊन तुमच्या पाया पडायचं धैर्य मला झालं नाही. मग लोकांना तोंड तुम्ही दिलंत. अकरा वर्षांत मी याबद्दल एकदाही क्षमा मागितलेली नाही. आज मागते.

तेव्हा लाज तुम्हाला वाटायचं कारण नाही, आणि वाटली तरी तिची भरपाई म्हणून आज्ञा नको. न ऐकता नाकारलीत, ते चुकलं होतं. न ऐकता दिलीत, हेही चुकलंच. ही आज्ञा घेऊन मी कुबरासमोर बसले तर पुन्हा तेच होईल. मला तुमचा लोभ हवा आहे, पण आज्ञा तुमच्या कानाकडून हवी आहे.

आभाची शाळा डिसेंबरच्या वीस तारखेला बंद होते. एकवीसला मी निघते. फोन नको, कॅसेट नको, कागद नको. समोर बसते आणि गाते. कमी पडलं तर तोंडावर ‘नाही’ म्हणा.

सुनेत्रा

*

रोल्ला, शारजा
शुक्रवार, १२ जानेवारी २००१

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो. आभा सगळ्यांना सांगत सुटली आहे की मिरजेत एक आजी आहेत, त्या नाव विचारण्याआधी सा लावायला सांगतात. हे ती मराठीत सांगते.

तुम्ही ‘नाही’ म्हणालात.

ते मी इथे पुन्हा पुन्हा मनात आणते आहे. तिसऱ्या दिवशीची सकाळ. तुम्ही डोळे मिटून बसला होतात, चार मिनिटं मी सा धरला आणि तुमच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मग म्हणालात, “सा आला. बाकीचे सहा कुठे आहेत? नऊ वर्षं कुजबुजून गळ्याचा पार बोळा करून ठेवलायस. उघडून गायला लागलीस की मध्यमावर चाचपडतेस. नाही सुनेत्रा. अजून नाही.” मी वाकून पाया पडले आणि तुम्ही विचारलंत, “रडत का नाहीस गं?” त्याचं उत्तर आता सांगते. तुम्ही ऐकलं होतंत, म्हणून. त्या रात्री मी तुमच्या माजघरात जशी झोपले, तशी अकरा वर्षांत झोपले नव्हते. आणि पुढचे सहा दिवस तुम्ही मध्यमावरून माझी जी सालटी काढलीत, त्याला काय म्हणू? मामा भिंतीपलीकडून म्हणायचे, “आक्का, पोरीला पाणी तरी प्यायला द्या.”

आज सकाळी मुलींना आणि आयांना बोलावलं. आठांपैकी पाच जणी आल्या. सांगितलं की आज्ञा मिळाली नाही, मला अजून शिकायचं आहे, क्लास बंदच राहील. ज्यांना दुसरीकडे जायचं असेल त्यांनी जरूर जावं, मी चांगल्या बाईंचा पत्ता देते. तिघींनी पत्ता घेतला. एक जण म्हणाली, विचार करते.

कुबरा सतरंजीवरून उठेना. म्हणाली, “टीचर, तुमच्या टीचर माझा उतार काढतील?”

मी म्हटलं, “त्या फार रागावतात.”

“तुमच्यावर रागावल्या?”

“सहा दिवस.”

तिने थोडा विचार केला आणि आईकडे बघितलं. खैरुन्निसा म्हणाली, “जुलैत आमी गावाला जातोच, बाई. श्रीवर्धनास्नं मिरजेला गाडी असेल की. इन्शाल्ला आठ दिवस मी हिला तुमच्या हवाली करते. पण तुमच्या आक्कांना विचारा पहिलं.”

तर विचारते आहे. माझी चूक तिच्या गळ्यात आहे. ती मी काढू शकत नाही, तुम्ही काढू शकता. मी तिच्या बाजूला बसेन आणि आपण दोघी एकाच इयत्तेत आहोत असं समजेन, कारण ते खरंच आहे. जुलैतही तुम्ही मला ‘नाही’ म्हणालात तर डिसेंबरात पुन्हा येईन.

निघताना दारात मी विचारलं होतं, जुलैत येऊ का? तुम्ही ‘ये’ म्हणाला नाहीत. पाठ फिरवून आत जाता जाता म्हणालात, “जुलैत इकडे पाऊस असतो. छत्री आण.”

आज दुपारी मी छत्री शोधत अख्खं रोल्ला पालथं घातलं. इथे वर्षातून चार दिवस पाऊस पडतो, त्यामुळे दुकानदार माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघत होते. शेवटी एका गोदामाच्या तळाशी धुळीत पडलेल्या सापडल्या. दोन घेतल्या. कुबराची लहान आहे.

सुनेत्रा